घरगुती प्रवाळपेटी : पाण्याची गाळणी आणि प्राणवायू

सिल्वासा शहराच्या टोकरखाडा भागात राहणाऱ्या आमच्या परिचयातील एका गुरुजींनी घरात खाऱ्या पाण्याची काचपेटी मांडली आहे. दोनशे लिटर पाणी, सच्छिद्र खडक, त्यांवर डोलणारी समुद्रफुले आणि त्यांच्या आश्रयाने राहणारे नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांचे विदूषक मासे, असा तो लहानसा सागर. एका वैशाखातील रात्री वीज गेली. पहाटे गुरुजी उठून पाहतात तो चार मासे तळाशी निपचित पडलेले. पाणी मात्र आरशासारखे नितळ होते. ‘‘पाण्यात कसलीही घाण नव्हती, मग मासे मेले कशाने?’’ हा त्यांचा प्रश्न. प्रस्तुत लेखक कला शाखेचा पदवीधर असल्याने उत्तरासाठी त्यास बरीच पुस्तके चाळावी लागली. त्या वाचनाचे फलित येथे मांडले आहे.

पाण्याचा नितळपणा डोळ्यांना दिसतो, त्यातील प्राणवायू दिसत नाही. एक लिटर हवेत सुमारे २७० मिलिग्रॅम प्राणवायू असतो. २५ अंश सेल्सिअस तापमानाच्या गोड्या पाण्यात तो लिटरमागे फार तर सव्वाआठ मिलिग्रॅम मावतो आणि समुद्राच्या पाण्यात पावणेसातच. तापमान ३० अंशांवर गेले की खाऱ्या पाण्याची ही धारणशक्ती सव्वासहापर्यंत उतरते. म्हणजे ज्या दिवसांत माशांचा श्वास जलद चालतो, त्याच दिवसांत पाण्याची शिदोरी आटते. ग्रामीण वाचकांस हे नवे वाटू नये. उन्हाळ्यात पहाटेच्या वेळी गावतळ्यातील मासे पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडमीट करताना अनेकांनी पाहिले असेल. दिवसा शेवाळ सूर्यप्रकाशात प्राणवायू निर्माण करते. रात्री मात्र तेच शेवाळ, मासे आणि तळचा गाळ असे सर्वच जण तो खर्च करीत राहतात. सूर्योदयापूर्वीची घटका म्हणूनच सर्वांत कठीण होय. प्रवाळाच्या देहात राहणारी सूक्ष्म शैवालेही याच नियमाने वागतात, आणि गुरुजींचे मासेही पहाटेच गेले.

प्राणवायू पाण्यात शिरतो तो मुख्यतः पृष्ठभागातून. हवेच्या पंपाचे बुडबुडे पाहून तेच पाण्यात प्राणवायू भरतात असा समज होतो. वस्तुतः मोठे बुडबुडे क्षणार्धात वर निघून जातात. त्यांचे खरे कार्य तळचे पाणी वर आणणे व पृष्ठभाग ढवळणे हे आहे. त्यामुळे पाण्याच्या पंपाचे तोंड किंचित वर रोखून पृष्ठभाग सतत हलता ठेवावा, पेटी काचेने गच्च झाकू नये आणि पाण्यावर तेलकट साय साचू देऊ नये.

आता गाळणीकडे वळू. कापूस किंवा स्पंज कचरा अडवितो, पण अडविलेला कचरा पाण्यातून गेलेला नसतो. तो तेथेच कुजतो आणि कुजताना प्राणवायू खातो. सबब स्पंज दर दोन-तीन दिवसांनी पेटीतून काढलेल्या पाण्यातच खळखळून धुवावा. खरी गाळणी डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवाणूंची असते. माशांच्या उत्सर्गातून निघणारा अमोनिया विषारी असतो. खडकांच्या छिद्रांत वसलेले जिवाणू त्याचे प्रथम नायट्राइट व नंतर तुलनेने सौम्य अशा नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. या कामी अमोनियारूप नायट्रोजनाच्या प्रत्येक मिलिग्रॅममागे सुमारे साडेचार मिलिग्रॅम प्राणवायू खर्ची पडतो. गाळणी म्हणजे त्याच शिदोरीतला आणखी एक जेवणारा, हे ध्यानात घेतले की गाळणी आणि प्राणवायू हे दोन निराळे विषय उरत नाहीत. जिवाणूंची ही वसाहत स्थिरावण्यास चार ते सहा आठवडे लागतात. तोवर मासे सोडण्याची घाई करू नये.

फेस काढणारे यंत्र, ज्यास हौशी मंडळी ‘स्किमर’ म्हणतात, ते समजण्यास गुऱ्हाळ आठवावे. रस उकळताना वर येणारी मळी गुळव्या काढून टाकतो. येथे उष्णतेऐवजी अतिसूक्ष्म बुडबुडे कामी येतात. त्यांना चिकटून सेंद्रिय मळ वर चढतो व फेसाच्या रूपाने वाटीत जमा होतो. मळ कुजण्यापूर्वीच बाहेर पडतो आणि पाणी हवेशी घुसळले जाते, असा दुहेरी लाभ होतो. गोड्या पाण्यात असा बारीक फेस टिकत नाही. अर्थात यंत्रांवाचून काही अडतेच असे नाही. इंडोनेशियातील ली चिन एंग यांनी केवळ जिवंत खडक व हवेचे बुडबुडे यांवर प्रवाळपेटी राखण्याची आपली पद्धत १९६१ साली प्रसिद्ध केली होती.

दमणचा समुद्र जवळ असल्याने तेथून पाणी आणावे असे गुरुजींच्या मनात होते. तथापि दमणगंगेच्या मुखाशी पाणी गढूळ असते आणि पावसाळ्यात त्याची क्षारताही पालटते. शुद्ध केलेल्या पाण्यात सागरी मीठ मिसळून लिटरमागे ३५ ग्रॅम क्षारता राखणे श्रेयस्कर. स्वयंपाकाचे मीठ चालत नाही, कारण प्रवाळास लागणारे कॅल्शियम व मॅग्नेशियम त्यात पुरेसे नसते. बाष्पीभवनाने घटलेले पाणी मात्र गोड्या पाण्यानेच भरावे. वाफेबरोबर मीठ उडून जात नाही.

एक बाब कायद्याची. खडक घडविणारे प्रवाळ २००१ सालापासून वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत समाविष्ट झाले. मालवणचा किनारा असो वा कच्छचे आखात, तेथून पोवळ्याचा तुकडा उचलून आणणे हा गुन्हा आहे. मासे घ्यावयाचे ते पैदास केंद्रातील घ्यावेत. विदूषक माशांची पैदास आपल्या देशातही साध्य झाली आहे.

वीज गेल्यास काय करावे? बॅटरीवर चालणारा हवेचा पंप तत्काळ लावावा. तो नसेल तर तांब्याने पेटीतलेच पाणी घेऊन वीतभर उंचीवरून दर काही मिनिटांनी ओतत राहावे. माशांना खाद्य देऊ नये. बंद डब्याची गाळणी कित्येक तास थांबली असेल, तर वीज आल्यावर ती तशीच सुरू करू नये. आतील जिवाणू गुदमरून पाणी नासलेले असते व ते एकदम पेटीत शिरते. डबा रिकामा करून, आतील साहित्य खाऱ्या पाण्याने धुऊन मगच तो जोडावा.

गुरुजींच्या पेटीत आता आठांऐवजी चारच मासे आहेत. बॅटरीचा पंप भिंतीस टांगलेला असतो. वीज जाताच तो आपोआप सुरू होतो की नाही, हे ते दर रविवारी मुख्य खटका बंद करून पाहतात.