विजेच्या तारा का चरचरतात?

पावसाळ्यात उंच लोखंडी मनोऱ्यांखालून जाताना वरून चर्र-चर्र आवाज येतो. अंधाऱ्या रात्री तारेभोवती कधी निळसर उजेडही दिसतो. लोक म्हणतात, तिथे भूत आहे. आम्ही म्हणतो, भूत नाही, वीज आहे. कशी ते पाहू.

या तारा उघड्या असतात. भोवतालची हवाच त्यांचे वेष्टन. पण हवेच्याही सोसण्याला मर्यादा आहे. एका सेंटीमीटरला सुमारे ३०,००० व्होल्टचा ताण पडला की हवा हार खाते. मग थोडी वीज हवेत झिरपते, चरचरते, चमकते. याला कोरोना म्हणतात. कोरोना म्हणजे मुकुट. त्या नावाच्या रोगाशी याचा संबंध नाही. तारेला पावसाचा थेंब लोंबला की त्याच्या टोकाशी ताण वाढतो. म्हणून पावसात आवाज जास्त.

यात वीज वाया जाते. बारीक तारेपाशी ताण जास्त, जाड तारेपाशी कमी. म्हणून चंद्रपूर, कोराडीहून निघणाऱ्या ४ लाख व्होल्टच्या वाहिन्यांवर एका तारेऐवजी दोन किंवा चार तारा शेजारी-शेजारी बांधतात. त्या मिळून जाड तारेचे काम देतात.

चरचरीला भिऊ नका. पण एक गोष्ट गाठीला बांधा. हात न लावताही वीज हवेतून झेप घेते. तारांखाली पाण्याचा लांब पाइप किंवा ओला बांबू कधी उभा करू नका, आडवाच न्या. तार तुटून पडली, तर लांब राहा, दुसऱ्यांनाही थांबवा आणि वीज कचेरीला कळवा.