गुणायचे की भागायचे?



गडचिरोलीतील आमच्या सायंवर्गातल्या चौथी-पाचवीच्या मुलांना पाढे येतात, भागाकारही मांडता येतो. अडते ते शाब्दिक उदाहरणात. वाचून होताच प्रश्न येतो, "ताई, गुणू का भागू?"

पुष्कळ ठिकाणी यासाठी शब्द पाठ करून घेतात: 'प्रत्येकी' दिसले की गुणा. मला ही युक्ती घातक वाटते. 4 टोपल्यांत प्रत्येकी 6 किलो मोहफुले, तर एकूण किती? येथे गुणायचे. 24 किलो 4 घरांना सारखी वाटली, तर प्रत्येकी किती? येथे भागायचे. 'प्रत्येकी' दोन्हीकडे आहेच. शिवाय घरी गोंडी किंवा माडिया बोलणाऱ्या मुलाला हा शब्दच परका.

म्हणून आम्ही पेन्सिल खाली ठेवायला सांगतो, चिंचोक्यांचे सारखे ढीग मांडायला लावतो आणि एकच विचारतो: सगळे मिळून किती, हे सांगितले आहे की शोधायचे आहे? शोधायचे असेल तर गुणाकार. सांगितले असेल तर भागाकार. मग एका ढिगात किती ते विचारलेले असो, की ढीग किती ते. हे दुसरे मुलांना भागाकार वाटतच नाही, कारण त्यात कोणी कोणाला काही वाटत नाही. तेथे लूकच्या शुभवर्तमानाचा नववा अध्याय कामी आला. सुमारे 5000 पुरुष, पन्नास-पन्नासांच्या पंक्ती. पंक्ती किती? मुलांनी आधी चिंचोक्यांचे छोटे गट पाडले, मग 100 हे उत्तर काढले.

खरी परीक्षा उन्हाळ्यात, तेंदूपानांच्या हंगामात. पुडके 70 पानांचे. घरात 3500 पाने आली तर पुडकी 50. भाव शेकड्यावर असतो. शेकड्याला 400 रुपये धरले, तर एका पुडक्याचे 4 आणि 50 पुडक्यांचे 200. एकाच हिशोबात भागाकारही आला, गुणाकारही. पाचवीतल्या एका मुलीने आईच्या कार्डावरचा हिशोब असाच तपासला. रक्कम 80 रुपयांनी कमी निघाली. दुसऱ्या दिवशी मायलेकी नोंद ठेवणाऱ्याकडे गेल्या आणि कार्ड दुरुस्त करून आल्या.

काही मंडळ्यांनी वह्या पाठवल्या, त्यांचे आभार. पुढच्या वेळी जमल्यास एक तागडी आणि वजने पाठवावीत. मोहफुले प्रत्यक्ष मोजून गणिते घालावीत, असे मनात आहे.