दारातला खोका आणि जहाजाचे छिद्र

पवित्र कुरआनच्या सूरह माइदामधील दुसऱ्या आयतीत सत्कार्यात आणि ईशभयात परस्परांना सहकार्य करण्याची आज्ञा आहे. हे सहकार्य सुटले तर काय होते, हे प्रेषित मुहम्मद (स.) यांनी जहाजाच्या दृष्टान्तातून समजावले. सहीह बुखारीतील त्या हदीसनुसार, पाण्यासाठी वर जाऊन इतरांना त्रास नको म्हणून खालच्या मजल्यावरील प्रवासी आपल्याच भागात छिद्र पाडायचे ठरवतात. हेतू वाईट नाही. पण त्यांना कोणी रोखले नाही, तर सारेच बुडतात.

घरोघरी येणाऱ्या पार्सलच्या वेष्टनाचेही तसेच आहे. फेब्रुवारी 2024 मध्ये ताडोबाच्या जंगलात प्लास्टिकची बाटली तोंडात धरून निघालेल्या वाघाचे चित्रण देशभर पाहिले गेले. ती बाटली वाघाने विकत घेतली नव्हती.

'कंपन्या आणि सरकार काही करत नाहीत, मग मी एकट्याने काय करावे?' असा प्रश्न तरुण विचारतात. कायद्याने जबाबदारी तिघांवर वाटली आहे. 2016 चे प्लास्टिक कचरा व्यवस्थापन नियम आणि त्यांतील 2022 ची दुरुस्ती यांनुसार उत्पादक, आयातदार व ब्रँडमालकांनी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर नोंदणी करून आपल्या प्लास्टिक वेष्टनाच्या पुनर्प्रक्रियेची जबाबदारी उचलायची आहे. स्थानिक संस्थांनी कचरा वेगवेगळा गोळा करायचा आणि नागरिकांनी तो वेगळा करून द्यायचा आहे.

यातील पहिला दुवा आपल्या दारात आहे. कोरडा पुठ्ठा भंगारवाला विकत घेतो. त्याचा लगदा होऊन पुन्हा कागद बनतो. तोच पुठ्ठा खरकट्यात भिजला की कवडीमोल होतो. बल्लारपूरच्या कागद गिरणीसाठी ज्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलांतून बांबू गेला, तेथील माणसाला कागदाचे मोल वेगळे सांगावे लागू नये. प्लास्टिक अंगणात जाळल्यास त्याचा विषारी धूर शेजाऱ्याच्या घरात शिरतो, आणि शेजाऱ्याला इजा पोहोचवणे आपल्या धर्मात निषिद्ध आहे.

म्हणून खोका उघडताच चिकटपट्टी काढावी, पुठ्ठा सपाट करून कोरडा ठेवावा, प्लास्टिक सुक्या कचऱ्यात वेगळे द्यावे. लागणाऱ्या वस्तू शक्यतो एकदमच मागवाव्यात. एवढे केल्यावर नगरपालिकेला आणि कंपनीला त्यांच्या कर्तव्याचा जाब विचारण्याचा आपला आवाज खरा ठरेल.

वाटेतील इजा करणारी वस्तू दूर करणे ही ईमानची एक शाखा आहे, असे प्रेषितांनी (स.) शिकवले. मग ती वस्तू वाटेवर टाकणाऱ्याने स्वतःला काय म्हणावे?