टायरची नक्षी व तिची योग्य बसवण

छत्रपती संभाजीनगर शहराच्या छावणी भागात दर गुरुवारी जनावरांचा आठवडी बाजार भरतो. एके काळी अशा बाजारास येणारे वाहन म्हणजे बैलगाडी असे. आता तिच्या जोडीस, किंबहुना पुष्कळ अंशी तिच्या जागी, ट्रॅक्टर-ट्रॉल्या, जीपगाड्या व मालवाहू पिकअप गाड्या उभ्या असलेल्या दिसतात. या वाहनांच्या चाकांकडे लक्षपूर्वक पाहिल्यास प्रत्येकाच्या टायरवरील नक्षी निराळी असल्याचे आढळून येते. कोठे सरळ उभ्या रेघा, कोठे तिरपे जाड उंचवटे, तर कोठे दोहोंचे मिश्रण असते. ही नक्षी शोभेसाठी कोरलेली नसते. प्रत्येक नक्षीस तिचे काम नेमून दिलेले असते, आणि कित्येक नक्ष्यांस दिशाही असते.

छावणीतून नगर रस्त्याने पुढे गेले म्हणजे वाळूजची औद्योगिक वसाहत लागते. तेथे बाळकृष्ण इंडस्ट्रीजच्या कारखान्यात शेतीयंत्रांचे व गुडइयरच्या कारखान्यात मोटारींचे टायर तयार होतात. कारखाना इतका जवळ असला तरी टायर विकत घेताना शेतकरी बहुधा आकार व किंमत एवढेच पाहतो. नक्षीची चौकशी क्वचितच होते, आणि बसविताना दिशेची तर त्याहूनही क्वचित.

ट्रॅक्टरच्या मागील टायरपासून आरंभ करणे सोयीचे होईल, कारण शेतीचे खरे ओढकाम तोच करतो. हवेचे रबरी टायर बसवून विकलेले ट्रॅक्टर अमेरिकेत १९३२ च्या सुमारास प्रथम आले. त्यापूर्वी ट्रॅक्टरला लोखंडी चाके असत व जमिनीत रुतण्यासाठी त्यांवर लोखंडी दाते बसविलेले असत. त्या दात्यांचेच काम आज रबरी टायरवरील तिरपे उंचवटे करतात. बाजारात त्यांस ‘लग’ म्हणतात. दोन्ही बाजूंचे लग मध्यभागी एकमेकांजवळ येतात व बाणाच्या टोकासारखी आकृती तयार होते. चाक पुढे फिरू लागले की या आकृतीचे टोक प्रथम जमिनीत शिरते आणि त्यामागून लगांची रुंद अंगे मातीला धरतात. दोन लगांमधील माती यामुळे मध्यातून दोन्ही कडांकडे ढकलली जाऊन बाहेर पडते, आणि पुढच्या फेऱ्यास टायर पुन्हा मोकळा होऊन जमिनीस भिडतो.

टायर उलटा बसविल्यास हाच क्रम फिरतो. माती कडांकडून मध्याकडे रेटली जाते व लगांच्या बेचक्यात घट्ट बसते. मराठवाड्याच्या काळ्या चिकण जमिनीत असा टायर थोड्याच वेळात मातीने लिंपून गुळगुळीत होतो. चाक फिरत राहते, डिझेल जळत राहते, परंतु ट्रॅक्टर पुढे सरकत नाही. मृगाच्या पावसानंतर पेरणीयोग्य वाफसा मोजकेच दिवस टिकतो. त्या दिवसांत झालेला हा खोळंबा डिझेलच्या खर्चापेक्षाही महाग पडतो.

दिशा ओळखण्याची रीत सोपी आहे. टायरच्या बाजूवर बहुधा बाण असतो. पुढे जाताना चाक त्या बाणाच्या दिशेने फिरले पाहिजे. बाण झिजून गेला असल्यास ट्रॅक्टरच्या मागे उभे राहावे व मागील टायरकडे पाहावे. नक्षीचे टोक वर, आकाशाकडे असले म्हणजे टायर सुलटा आहे. समोरून पाहिल्यास तेच टोक खाली दिसेल. जमिनीवर उमटलेला ठसा पाहून मात्र निर्णय करू नये. सुलट्या टायरच्या ठशात टोक ट्रॅक्टर जिकडून आला त्या दिशेकडे असते, आणि अनेकांचा घोटाळा नेमका येथेच होतो.

पिकाच्या ओळींतील अंतराप्रमाणे मागील चाकांमधील अंतर कमी-अधिक करण्यासाठी रिम वा तबकडी उलटून बसविण्याची पद्धत आहे. अशा वेळी चाक त्याच बाजूस राहू दिल्यास नक्षीची दिशा उलटते. म्हणून डावे चाक उजवीकडे व उजवे डावीकडे घ्यावे लागते. कपाशीच्या आंतरमशागतीनंतर नांगरटीस लागलेला ट्रॅक्टर एकाएकी घसरू लागला, तर प्रथम ही शंका घ्यावी.

पुढील टायरचे काम ओढण्याचे नसून वळविण्याचे आहे. त्यावर चाकाच्या परिघाबरोबर धावणाऱ्या, बहुधा तीन, ठळक धारा असतात. त्या मातीत रुततात व वळताना चाकास आडवे घसरू देत नाहीत. या धारा झिजल्या तर सुकाणू फिरविले तरी ट्रॅक्टर सरळच जाऊ पाहतो. (चारही चाकांना जोर असणाऱ्या ट्रॅक्टरला पुढेही लगाचेच टायर असतात.) भातखाचरांसाठी अधिक उंच व विरळ लगांचा टायर मिळतो, कोकण किंवा भंडारा भागात तो उपयोगी असला तरी कोरडवाहू शेतीत व डांबरी रस्त्यावर तो लवकर झिजतो.

मालवाहू गाड्यांचा विचार याहून थोडा वेगळा आहे. सरळ धारांचा, म्हणजे ‘रिब’ नक्षीचा टायर पक्क्या रस्त्यावर हलका धावतो व नीट वळतो, म्हणून तो पुढील चाकांस योग्य होय. ‘लग’ नक्षीचा टायर कच्च्या रस्त्यावर व मागील ओढत्या चाकांस चांगला. शेत ते डांबरी सडक आणि सडकेवरून बाजार असा मिश्र प्रवास करणाऱ्या पिकअपला दोहोंच्या मधला ‘सेमी-लग’ टायर बहुधा सोयीचा ठरतो.

मोटार व जीप यांच्या टायरांत तीन जाती ध्यानात ठेवाव्यात. पहिल्या जातीची नक्षी दोन्ही अंगांस सारखी असते. ती कोणत्याही बाजूस व कोणत्याही दिशेने बसविता येते. दुसरीची नक्षी बाणाच्या आकाराची असून टायरच्या बाजूवर ‘रोटेशन’ हा शब्द व बाण असतो. ती ट्रॅक्टरच्या टायरप्रमाणेच दिशेने बसवावी लागते. येथे तिच्या चरांचे काम माती नव्हे तर पाणी बाहेर फेकण्याचे आहे. तिसऱ्या जातीत आतील व बाहेरील अंगांची नक्षी भिन्न असते व एका बाजूवर ‘आउटसाइड’ असे लिहिलेले असते; ती बाजू गाडीबाहेर दिसली पाहिजे. ही अक्षरे इंग्रजीत असतात, म्हणून ग्रामस्तरीय कार्यकर्त्यांनी ती शेतकऱ्यास एकदा प्रत्यक्ष टायरवर बोट ठेवून दाखवावीत. एकाच आसावर रेडियल व साध्या बांधणीचा असे दोन भिन्न टायर कदापि घालू नयेत.

चर किती खोल उरले आहेत हेही पाहणे अगत्याचे आहे. चरांच्या तळाशी ठराविक अंतरावर लहान आडवे उंचवटे असतात. झिजता झिजता नक्षी त्यांच्या पातळीस आली म्हणजे १.६ मिलिमीटर खोली उरली असे समजावे. मोटारगाड्यांसाठी कायद्याची मर्यादा तीच आहे. याहून झिजलेला, ज्यास बोलीत ‘गोटा झालेला’ म्हणतात, असा टायर पावसात वेगाने जाताना पाण्याच्या थरावर तरंगतो. मग ब्रेक व सुकाणू दोन्ही निरुपयोगी होतात. जुना टायर विकत घेताना बाजूवरील शेवटचे चार आकडेही वाचावेत. २३२१ याचा अर्थ २०२१ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झालेला, असा होतो. नक्षी नवी दिसली तरी बाजूस भेगा पडल्या असतील तर तो टायर घेऊ नये.

ट्रॅक्टरची चाके किती घसरतात हे गावात प्रयोगाने दाखविता येते. वाफशावर आलेल्या शेतात मागील टायरवर खडूने खूण करावी. नांगर जमिनीत चालू असताना चाकाचे बरोबर दहा फेरे होऊ द्यावेत व त्या अंतराच्या दोन्ही टोकांस खुंट्या ठोकाव्यात. नंतर नांगर उचलून तेवढेच अंतर चालवावे व फेरे मोजावेत. नऊ फेरे लागले तर घसरण दहा टक्के, साडेआठ लागले तर पंधरा टक्के. मागील दोन चाकांनी ओढणाऱ्या ट्रॅक्टरला एवढी घसरण चालते. फेरे आठापेक्षा कमी भरले तर नक्षीची झीज, तिची दिशा, मागील वजन व हवा ही चारही तपासावीत. शेतात मागील टायरमध्ये साधारणतः १२ ते १४ पौंड हवा पुरते. ट्रॉली ओढताना ती वाढवावी लागते. नेमका आकडा यंत्राच्या पुस्तिकेत पाहावा. हवा फार झाली की टायर फुगून मध्यावरच टेकतो व कडेचे लग मातीस लागतच नाहीत.

आता बसविण्याविषयी. चाक उचलण्यापूर्वी उरलेल्या चाकांस पुढून-मागून ठोकळे लावावेत व नट जमिनीवरच सैल करावेत. व्हॉल्व्हची पिन काढून सर्व हवा सोडल्याशिवाय टामी लावू नये. रिमचा गंज घासून काढावा, टायरच्या आतून हात फिरवून खिळा वा काटा राहिला नाही याची खात्री करावी, आणि कडांना साबणाचे पाणी लावावे. ट्यूब असल्यास तिला संगजिऱ्याची पूड लावून, थोडी हवा भरून, पुन्हा सोडून, मग पूर्ण भरावी. याने तिच्या घड्या मोडतात. रिमवर चढविण्यापूर्वी बाण व गाडीची बाजू पुन्हा एकदा ताडून पाहावी. ट्रॅक्टरचा जड टायर कारागिराकडूनच बसवून घ्यावा, परंतु ही एक गोष्ट मालकाने स्वतः पाहावी.

हवा भरण्याचे काम सर्वांत धोक्याचे आहे. टायरच्या कडा रिमवर नीट बसल्या नाहीत म्हणून हवा वाढवीत जाणे हे अनेक अपघातांचे मूळ होय. ट्रॅक्टरच्या टायरला कडा बसविण्यासाठी ३५ पौंडांपेक्षा व मोटारीच्या टायरला ४० पौंडांपेक्षा अधिक हवा देऊ नये. तेवढ्याने कडा बसल्या नाहीत तर हवा सोडावी, पुन्हा साबणाचे पाणी लावावे व नव्याने भरावी. भरताना चाकावर वाकू नये. लांब नळी लावून एका अंगास उभे राहावे. ट्रक व काही ट्रॉल्यांच्या रिमला निराळी लोखंडी कडी असते. ती निसटल्यास गोळ्यासारखी उडते, म्हणून असे चाक लोखंडी पिंजऱ्यात ठेवूनच हवा भरावी. टायर चढविलेल्या रिमला वेल्डिंग करू देऊ नये, हवा काढलेली असली तरीही. आतील तापलेल्या वायूने टायर फुटून माणसे दगावतात.

चाक चढविल्यावर नट एकामागून एक न आवळता समोरासमोरचे, आळीपाळीने आवळावेत. पहिल्या फेरीत थोडे, दुसरीत पूर्ण. नवीन बसविलेले चाक सुमारे पन्नास किलोमीटर चालल्यावर नट पुन्हा पाहावेत. छावणीच्या बाजाराहून घरी परतलेल्या गाडीवर हे काम त्याच संध्याकाळी पान्याने पाच मिनिटांत होते.