देवघरातील शिवराई

महाराष्ट्रातील पुष्कळ जुन्या घराण्यांच्या देवघरात देवांच्या टाकांशेजारी तांब्याचे एक काळपट नाणे पुजलेले आढळते. त्याच्या एका बाजूस ‘श्री राजा शिव’ व दुसऱ्या बाजूस ‘छत्रपति’ अशी अक्षरे असतात. हीच शिवराई. ६ जून १६७४ रोजी रायगडावर राज्याभिषेक झाला आणि शिवाजी महाराजांच्या नावाचे सोन्याचे होन व तांब्याच्या शिवराया चलनात आल्या. म्हणून घरातील वडीलधारी मंडळी मुलांना सांगतात, “हे नाणे प्रत्यक्ष महाराजांच्या वेळचे.” सांगणाऱ्याचा भाव प्रामाणिक असतो, परंतु भाव आणि पुरावा या दोन भिन्न गोष्टी आहेत.

महाराजांचे १६८० मध्ये निधन झाल्यावर शिवराई बंद पडली नाही. पुढील छत्रपतींच्या काळात व थेट पेशवाईच्या अखेरीपर्यंत त्याच नावाने ती पाडली जात होती. बहुतेक शिवरायांवर साल नसते. त्यामुळे नाव कोणाचे, एवढ्यावरून नाणे केव्हाचे हे ठरत नाही. पेशव्यांच्या राज्यातील चांदीच्या रुपयांवर तर दिल्लीच्या बादशहाचे नाव असे!

मग वय ओळखावे कसे? प्रथम नाण्यालाच विचारावे. जुन्या शिवराईवरील अक्षरे रेखीव असतात व त्यांभोवती ठिपक्यांचे वर्तुळ असते. पुढे पुढे अक्षरे जाड व ओबडधोबड होत गेली. अक्षरांच्या ओळींमध्ये दोन समांतर आडव्या रेघा असल्या, तर ती ‘दुदांडी शिवराई’ होय. ती पेशवाईच्या उत्तरकाळातील.

घडण हा दुसरा साक्षीदार. त्या काळी तांब्याच्या तुकड्यावर ठसा ठेवून वर हातोडा मारीत. ठसा तुकड्याहून मोठा असल्यास एखादे अक्षर काठाबाहेर जाई. याउलट, साच्यात ओतलेल्या नकली नाण्याच्या काठावर जोडाची रेघ व अंगावर बारीक छिद्रे पुष्कळदा दिसतात.

तिसरा साक्षीदार म्हणजे घराण्याची हकिकत. तिची अवहेलना करू नये. मात्र तिचा हिशेब करावा. ‘आजोबांच्या आजोबांपासून’ म्हणजे चार पिढ्या. एक पिढी पंचवीस वर्षांची धरली, तर शंभर वर्षे झाली. १६७४ पर्यंत पोहोचण्यास सुमारे चौदा पिढ्या लागतात. उरलेल्या दहा पिढ्यांची साक्ष कोण देणार?

वस्तू कोठली, हा प्रश्नही असाच फसवा असतो. मराठ्यांच्या ‘फिरंग’ तलवारीची मूठ येथील कारागिरांची असे. पाते मात्र बहुधा युरोपातून आलेले असे. परदेशी पात्यांना मान असल्यामुळे येथील कारागीर त्यांवरील खुणांची नक्कलही करीत. म्हणून एकच खूण पाहून निवाडा देणे धोक्याचे.

दुर्दैवाने या साक्षीदारांचा नाश पुष्कळदा घरातच होतो. सणासुदीला चिंचेने वा राखेने घासल्यावर शिवराई लखलखते, पण तिच्यावरील अक्षरे झिजतात. ती एकदा गुळगुळीत झाली, की जाणत्यालाही तिचे वय सांगता येत नाही. म्हणून नाणे मऊ कापडाने केवळ पुसावे, त्याचे वजन व व्यास टिपून ठेवावेत आणि घराण्याची हकिकत, ती सांगणाऱ्याच्या नावासह, लिहून ठेवावी. मग ते नाणी जाणणाऱ्या अभ्यासकास दाखवावे.

तपासाअंती घरातील शिवराई दुदांडी ठरली, तर तिची पूजा सोडावी काय? मुळीच नाही. महाराजांच्या निधनानंतर शंभर वर्षांनीही बाजारातील लहानथोर त्यांच्या नावाचे नाणे विश्वासाने हाती घेत होते, याचा ती पुरावा आहे. आपण लादलेल्या खोट्या वयापेक्षा तिची ही खरी साक्ष अधिक मोलाची होय.

स्वाध्याय

१. शिवराईवरील नावावरून तिचे वय का ठरत नाही?
२. नाणे घासून लखलखीत केल्याने कोणती हानी होते?
३. आपल्या घरातील एखादी जुनी वस्तू निवडा. तिच्याविषयी वडील मंडळी काय सांगतात आणि ती वस्तू स्वतः काय सांगते, हे दोन स्वतंत्र परिच्छेदांत लिहा.