मुलांचा लेखनवर्ग : फी भरण्याआधी हे विचारा

मुलगी चार लोकांत बोलायला बिचकते, मुलगा वर्गात हात वर करत नाही. मग कुणीतरी ‘क्रिएटिव्ह रायटिंग’चा क्लास सुचवतं. सुचवणं योग्यच आहे. स्वतः लिहिलेलं मोठ्याने वाचलं, समोरच्यांनी ते मन लावून ऐकलं, ‘इथे मला कळलं नाही’ असं कुणी सांगितलं आणि घरी जाऊन ते पुन्हा लिहिलं, की मुलं धीट होतात. तुम्ही पैसे मोजता ते या वेळाचे. बाकी सगळं वरचं.

म्हणून पहिला प्रश्न फीचा विचारू नका. बॅचमध्ये मुलं किती, ते विचारा. दीड तासाच्या वर्गात 30 मुलं असतील तर तुमच्या मुलाच्या वाट्याला फार तर 3 मिनिटं येतात. 12 असतील तर साडेसात. मग तासाचा दर काढा. 10 वर्ग, प्रत्येकी दीड तास, फी 3,000 रुपये, म्हणजे तासाला 200. दोन क्लासची तुलना या दोन आकड्यांवर करा. जाहिरातीतल्या पाहुण्या लेखकांच्या फोटोंवर करू नका.

मे महिन्याच्या किंवा दिवाळीच्या सुटीतलं चार-पाच दिवसांचं शिबिर गोडी लावायला चांगलं. धीटपणा हवा असेल तर आठवड्यातून एकदा, निदान तीन-चार महिने चालणारा वर्ग घ्या. एक वर्ग बसून बघू द्या म्हणावं. शिकवणारी व्यक्ती मुलांच्या वहीवर काय लिहिते ते बघा. नुसतं ‘छान’ लिहिलेलं असेल तर पुढचा क्लास शोधा.

आता लपलेले खर्च. नोंदणी फॉर्म, वही-फाइलचं ‘किट’, समारोपाचा हॉल, प्रमाणपत्र, फोटो. हे सगळं धरून एकूण किती, ते लेखी घ्या, व्हॉट्सॲपवर चालेल. ‘अधिक 18 टक्के जीएसटी’ म्हणाले तर पावतीवर 15 अंकी-अक्षरी जीएसटी क्रमांक हवा. सरकारी पोर्टलवर तो फुकट तपासता येतो. वर्षाची उलाढाल 20 लाखांच्या आत असलेल्या छोट्या क्लासला नोंदणी सहसा लागत नाही, आणि नोंदणी नसेल तर त्याला जीएसटी घेता येत नाही.

सर्वात मोठा खड्डा ‘तुमच्या मुलाचं पुस्तक’ हा. मुलांच्या गोष्टींचा संग्रह काढायचा आणि प्रत्येक पालकाला ठरावीक प्रती विकत घ्यायला लावायच्या. त्यात ‘आयएसबीएन शुल्क’ दाखवलं तर थेट नकार द्या. आयएसबीएन म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, आणि भारतात तो सरकारकडून मोफत मिळतो. गोष्ट छापण्याआधी पुढे आलेला संमतीचा कागदही पूर्ण वाचा. कॉपीराइट कायदा, 1957 प्रमाणे मुलाने लिहिलेल्या गोष्टीचा पहिला हक्क मुलाचाच असतो. तो द्यायचा तर लेखीच द्यावा लागतो. ‘या एका पुस्तकापुरती परवानगी’ एवढंच लिहून सही करा.

ऑनलाइन क्लासवाले ‘बिनव्याजी हप्ते’ सुचवतात. बरेचदा ते वित्त कंपनीचं तुमच्या नावावरचं कर्ज असतं, आणि मुलाने क्लास सोडला तरी हप्ता थांबत नाही. महिन्याची फी महिन्याला भरा. यूपीआय ऑटोपे दिला असेल तर क्लास सोडताना तो ॲपमधून स्वतः रद्द करा.

कागदपत्रं कोणती? वयासाठी शाळेचं ओळखपत्र पुरे. आधारची झेरॉक्स द्यायचं कारण नाही. तुमचे दोन फोन नंबर द्या, मुलाला न्यायला कोण येणार ते लिहून द्या.

खिशाला परवडत नसेल तर अडून बसू नका. ‘बालभारती’च्या ‘किशोर’ मासिकाचे जुने अंक ऑनलाइन मोफत वाचता येतात. टपाल खात्याच्या ‘ढाई आखर’ पत्रलेखन स्पर्धेत मराठीतही लिहिता येतं. अडीच रुपयांच्या आंतर्देशीय पत्रावर 500 शब्दांपर्यंत, पाकिटातून 1,000 शब्दांपर्यंत. पत्र हातानेच लिहायचं आणि वय 18 च्या आत असल्याचं त्यातच नमूद करायचं. विषय आणि शेवटची तारीख पोस्टात विचारा. सोसायटीतली पाच-सहा मुलं रविवारी तासभर एका घरात जमून एकमेकांना वाचून दाखवू लागली, तर त्याचा खर्च चहा-बिस्किटांपुरता. एकच अट: मोठ्यांनी मध्ये बोलायचं नाही.

क्लासने फसवलं, तर आधी लेखी तक्रार त्यांच्याकडे, मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915. त्यानेही भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. भरलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर तिथे शुल्क लागत नाही. मुदत 2 वर्षांची. पुरावा म्हणून पावती लागेल, तेव्हा फी रोख दिली तरी ती मागून घ्या.