डोकेदुखीचा हिशेब

भाचेबाई, तुझं डोकं दर महिन्याला दुखतं आणि औषधांची बिलं पर्सच्या तळाशी चोळामोळा होऊन पडतात, असं तुझी आई सांगत होती. रागावत नाही. वाच फक्त.

१. मेडिक्लेम आहे म्हणून निर्धास्त राहू नकोस — साध्या पॉलिसीत निदान २४ तास ॲडमिट व्हावं लागतं, आणि अर्धशिशीचे उपचार बहुतेक ओपीडीतच होतात. डोकं दुखतं घरी, विमा जागतो वॉर्डात.

२. "एक रात्र ॲडमिट हो, एमआरआय विम्यातून निघेल" असं सांगणारा भेटेलच. त्याला चहा पाज, पण त्याचं ऐकू नकोस — नुसत्या तपासणीसाठी झालेलं ॲडमिशन पॉलिसीत वगळलेलं असतं. क्लेम फेटाळला, की वर खोलीचं भाडंही तुझ्याच गळ्यात.

३. आधी डोळे आणि बीपी तपासून घे — कधी कधी चष्म्याच्या नंबरावरच भागतं.

४. मात्र कधी नव्हे इतकं डोकं अचानक ठणकलं, तापात मान आखडली, जीभ अडखळली किंवा हात लुळा पडला, तर पैशाचा विचार न करता थेट हॉस्पिटल गाठ. त्याआधीच्या तपासण्यांच्या पावत्याही सांभाळ — ॲडमिट व्हावं लागलंच, तर त्याच आजाराचा आधीच्या ३० आणि नंतरच्या ६० दिवसांचा खर्च बऱ्याच पॉलिसी देतात.

५. गोळी घेतलीस, की कॅलेंडरवर फुली मार — तीन महिन्यांहून जास्त काळ दर महिन्यात १५ दिवस साधी पेनकिलर पोटात गेली, की गोळीमुळेच डोकं धरायला लागू शकतं. मिश्र गोळ्यांना १० दिवसही पुरतात. मग गोळीचा खर्च वेगळा, ती सोडवायचा वेगळा!

६. विम्याच्या फॉर्मवर अर्धशिशी लिहून टाक, एजंट "कशाला?" म्हणाला तरी — २०२४ च्या नियमांनुसार जुन्या आजारासाठी जास्तीत जास्त ३ वर्षं थांबावं लागतं. लपवलेली अर्धशिशी क्लेमच्या दिवशी पूर्णशिशी होते.

७. ओपीडीचं जादा कव्हर घेण्याआधी वर्षभराच्या पावत्यांची बेरीज कर — जादा हप्ता त्याहून मोठा निघाला, तर तेच पैसे बाजूला ठेवलेले बरे.

८. डॉक्टरांकडून औषधाचं मूळ नाव लिहून घे — जनऔषधी केंद्रात तेच औषध पुष्कळ स्वस्त मिळतं.

९. आई साठीपुढची आहे आणि तिला मेडिक्लेम नाही. तिचं औषधपाणी तूच करतेस, तर पैसे रोख देऊ नकोस — जुन्या करपद्धतीत वर्षाला ५० हजारांपर्यंत वजावट मिळते, पण रोखीच्या खर्चावर नाही.